वंडर वुमन ग्रीकांच्या पाताळात: तिथे ताकद का चालत नाही?

सिनेमे बघून वंडर वुमनच्या कॉमिक्सकडे वळलेले बरेच जण एका ठिकाणी हमखास अडकतात, ते म्हणजे डायनाची, म्हणजे वंडर वुमनचीच, पाताळातली सफर. जी बाई रणगाडा उचलून फेकते, गोळ्या मनगटावरच्या कड्यांवर झेलते, ती पाताळाचा देव हेडीस याच्या राज्यात पाय ठेवल्यावर एकदम जपून का वागायला लागते, सोबत देवांचा निरोप्या हर्मिसच का लागतो, लग्नाचा विषय मध्येच कुठून येतो, हे काही झेपत नाही आणि मग लोक म्हणतात की लेखकाने उगाच तिला कमजोर केलंय. मला ही गोष्ट मनापासून आवडते, त्यामुळे ती नीट समजावी असं फार वाटतं. ग्रीकांच्या पाताळाचे स्वतःचे नियम आहेत, अडीच-पावणेतीन हजार वर्षं जुने, आणि ते माहीत असले की डायनाची प्रत्येक हालचाल लख्ख कळते.

आधी डायनाबद्दल थोडक्यात. 1941 च्या शेवटी ती पहिल्यांदा कॉमिकमध्ये आली. तिला लिहिणारा विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता, माणूस खोटं बोलतोय का हे रक्तदाब मोजून ओळखायच्या चाचणीवर त्याने काम केलेलं होतं. चित्रं एच. जी. पीटरची. डायनाचा सोनेरी लॅसो आज आपण सत्याचा दोर म्हणून ओळखतो, सुरुवातीच्या कॉमिक्समध्ये मात्र त्यात अडकलेल्याला तिची आज्ञाच पाळावी लागायची, सत्य बोलायला लावणं हे हळूहळू त्याचं मुख्य काम झालं. तिचं बेट थेमिस्किरा हे नाव जुन्या ग्रीक लेखकांकडून घेतलंय, त्यांच्या मते अॅमेझॉन या लढवय्या बायकांचं हे गाव काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर थर्मोडॉन नदीपाशी होतं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात.

आता पाताळ. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं, झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडीसला मेलेल्यांचं राज्य, ही वाटणी महाकवी होमरच्या इलियडमध्ये पोसायडन स्वतः सांगतो. हेडीस म्हणजे सैतान नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. तो कुणाला मारायला येत नाही, ते काम थॅनॅटोसचं, म्हणजे मृत्यूच्या देवाचं. तो कुणाला मोहात पाडून पापं करायला लावत नाही. आपला यम निदान पाप-पुण्याचा हिशोब तरी घेतो, हेडीस तेही स्वतः करत नाही, नंतरच्या ग्रंथांत ते काम मायनॉस, रॅडमॅन्थस आणि एआकस या तीन न्यायाधीशांकडे दिलेलं आहे. हेडीसचं म्हणणं एकच, आत आलेला बाहेर जाता कामा नये. बस्स, एवढ्या एका गोष्टीवर तो कमालीचा कडक आहे आणि पाताळाची सगळी रचना त्यासाठीच केल्यासारखी वाटते.

नद्या पाच. स्टिक्स, जिची शपथ देवांनाही मोडता येत नाही, अकेरॉन दुःखाची, कोसायटस आक्रोशाची, फ्लेगेथॉन आगीची आणि लीथी विस्मरणाची. आपल्याकडे वैतरणी आहे, त्यामुळे मेल्यावर नदी ओलांडायची ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. इथे ओलांडून नेणारा नावाडी केरॉन, आणि त्याला भाडं लागतं म्हणून ग्रीक लोक मेलेल्याच्या तोंडात एक छोटं नाणं ठेवायचे, अशी नाणी थडग्यांमध्ये खरोखर सापडलेली आहेत. आणि ज्याचे अंत्यसंस्कार झाले नाहीत तो अलीकडेच अडकला. पुढे सर्बेरस नावाचा कुत्रा, चित्रांत बहुतेक वेळा तीन डोक्यांचा, जुना ग्रीक कवी हेसिअड मात्र त्याला पन्नास डोकी देतो. हेसिअडने त्याचं एक वागणं लिहून ठेवलंय ते मला फार भारी वाटतं, आत येणाऱ्यासमोर हा कुत्रा शेपूट हलवतो, कान पाडतो, अगदी लाडात येतो, आणि तोच माणूस परत निघाला की त्याला फाडून खातो.

मेलेले कुठे राहतात याबद्दल ग्रीकांचं एकमत कधीच नव्हतं आणि काळाप्रमाणे ते बदलत गेलं. होमरमध्ये जवळपास सगळे जण सारखेच, सावल्या बनून अॅस्फोडेल या फुलांच्या माळावर भटकत असतात, चांगलं वागलात म्हणून फार काही वेगळं मिळतं असं नाही. नंतर नंतर एलिझियम ही भाग्यवंतांची जागा म्हणून मोठी होत गेली, आणि टार्टरस ही शिक्षेची जागा, जी मुळात झ्यूसच्या आधीच्या टायटन देवांना कोंडण्यासाठी होती. टार्टरस किती खोल, तर हेसिअड सांगतो की आकाशातून सोडलेली कांस्याची ऐरण नऊ दिवस पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल आणि पृथ्वीवरून सोडली तर अजून तेवढेच दिवस लागतील.

या सावल्या कशा असतात हे बघायचं तर होमरच्याच ओडिसीचा अकरावा भाग. ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणारा ओडिसियस तिथे हातभर लांब-रुंद खड्डा खणतो, त्यात दूध-मध, मग गोड वाइन, मग पाणी ओततो, वरून जवाचं पीठ भुरभुरतो आणि शेवटी मेंढरं कापून रक्त सोडतो. रक्ताच्या वासाने मेलेल्यांची झुंबड उडते आणि तो तलवार उपसून त्यांना लांब ठेवतो, कारण जो रक्त पितो त्यालाच नीट बोलता येतं, ओळख पटते. गर्दीत त्याला स्वतःची आई दिसते. तो युद्धाला गेला तेव्हा ती जिवंत होती. तीन वेळा तो तिला मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा ती हातातून सावलीसारखी निसटते. तिथेच अकिलीस भेटतो, एवढा मोठा वीर, आणि म्हणतो की मेलेल्या सगळ्यांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या गरिबाच्या शेतावर मजूर म्हणून राबणं मला चालेल. आता जिथे अकिलीसची ही अवस्था आहे तिथे दंडात किती जोर आहे याला काय अर्थ राहतो? मारायचं कुणाला, सगळे आधीच मेलेले आहेत.

म्हणून तिथे खरं काम नियमांचं. जिवंत माणसाने पाताळात जाऊन परत यायचं तर काही पथ्यं आहेत आणि बहुतेक गोष्टी ही पथ्यं मोडल्यानेच फिसकटतात. मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, आणायला गेलेल्या ऑर्फियसला मागे वळून बघायचं नव्हतं, त्याने बघितलं, युरिडिसी गेली. थीसियस आणि त्याचा दोस्त पिरिथूस हेडीसची बायकोच पळवायला गेले, हेडीसने गोड बोलून बसायला आसन दिलं आणि ते तिथेच चिकटले, पुढे महाबली वीर हेराक्लिसने थीसियसला सोडवलं पण पिरिथूस कायमचा राहिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं पथ्य खाण्याचं. पर्सेफनी, पिकांची देवी डिमीटरची मुलगी, फुलं वेचत असताना हेडीसने तिला रथात घालून नेलं, आईने पृथ्वीवरचं पीक बंद पाडलं, शेवटी झ्यूसला हर्मिसला पाठवून तिला परत आणावं लागलं, पण निघायच्या आधी हेडीसने तिला डाळिंबाचा दाणा खाऊ घातला. तेवढ्यावर वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावं लागतं. पाताळातलं खाल्लं की तुम्ही पाताळाचे झालात.

या गोष्टींमधल्या बायका बघितल्या तर एक गोष्ट खटकते. पर्सेफनीला पळवून नेलंय, युरिडिसी साप चावून मेलीय, अल्सेस्टिस नवऱ्याऐवजी स्वतः मेलीय आणि तिला हेराक्लिस मृत्यूशी कुस्ती करून परत आणतो. स्वतःच्या पायांनी खाली उतरून काम करून परत येणं हे हेराक्लिस, ऑर्फियस, थीसियस या पुरुषांच्या वाट्याला. अपवाद शोधायला गेलं की सायकी सापडते, आणि डायना समजून घ्यायला माझ्या मते सायकीसारखी दुसरी किल्ली नाही.

सायकीची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती अप्युलियसच्या लॅटिन पुस्तकातून, हा उत्तर आफ्रिकेतला लेखक, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यामुळे त्यात देवांची नावं रोमन आहेत, मी इथे ग्रीकच वापरतो. सायकी ही साधी माणूस, राजाची मुलगी, प्रेमाचा देव इरॉसची बायको. सासू अॅफ्रोडाइटी, सौंदर्याची देवी, तिला एकामागून एक अशक्य कामं लावते आणि शेवटचं काम असं की पाताळात जा आणि पर्सेफनीकडून डबीभर सौंदर्य घेऊन ये. सायकीला वाटतं की हे म्हणजे सरळ मरायलाच सांगितलंय, म्हणून ती एका उंच मनोऱ्यावरून उडी टाकायला जाते, तर तो मनोराच बोलायला लागतो आणि तिला पाताळात जायची-यायची पद्धत सांगतो.

ती पद्धत बघा किती बारीक आहे. स्पार्टाजवळच्या टायनारॉनमधून आत शिरायचं. तोंडात दोन नाणी, दोन्ही हातांत मधात आणि वाइनमध्ये मळलेल्या जवाच्या वड्या. वाटेत एक लंगडा माणूस लंगडं गाढव घेऊन भेटेल, खाली पडलेल्या चार काटक्या उचलून दे म्हणेल, एक शब्द न बोलता पुढे जायचं. नावेत केरॉनला एक नाणं त्याच्याच हाताने तोंडातून काढून घेऊ द्यायचं. नदीत एक मेलेला म्हातारा तरंगत असेल, कुजलेले हात वर करून मला नावेत घ्या म्हणून विनवेल, दया दाखवायची नाही. पलीकडे म्हाताऱ्या बायका कापड विणत असतील, जरा हात लाव गं म्हणतील, हात लावायचा नाही, कारण हातातली एक वडी जरी पडली तरी परतीची वाट बंद. सर्बेरसला जाताना एक वडी, येताना दुसरी. पर्सेफनी मऊ आसन देईल, पंचपक्वान्नांचं ताट देईल, आपण जमिनीवर बसायचं आणि जाडीभरडी भाकरी मागून खायची. आणि डबी उघडायची नाही.

सायकी हे सगळं करते आणि वर आल्यावर डबी उघडते, आतून मरणासारखी झोप बाहेर येते, ती कोसळते, मग इरॉस येऊन ती झोप पुसून परत डबीत भरतो आणि बाण टोचून तिला जागं करतो. पुढे ती अमर होते. पण मला थांबून विचार करावासा वाटतो तो या वाटेवरच्या सापळ्यांचा, कारण तलवार दाखवणारा सापळा एकही नाही, राक्षस नाही, आग नाही, सगळे सापळे मदत मागणाऱ्यांचे आहेत. लंगडा माणूस, बुडणारा म्हातारा, थकलेल्या बायका. ग्रीक-रोमन पाताळ चांगल्या माणसाला त्याच्या चांगुलपणातच पकडतं.

आता डायनाला तिथे ठेवून बघा. ती अशी व्यक्ती आहे जिला मदत मागणाऱ्याकडे पाठ फिरवताच येत नाही, तिची सगळी कथा त्यावरच उभी आहे. म्हणजे पाताळ ही तिच्यासाठी सगळ्यात धोक्याची जागा झाली, आणि चांगल्या लेखकांनी नेमकं हेच धरलंय.

1987 मध्ये जॉर्ज पेरेझने ग्रेग पॉटर आणि लेन वीन यांच्यासोबत वंडर वुमन नव्याने सुरू केली तेव्हा डायनाचा उगमच पाताळात नेला. पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांचे आत्मे पाताळातल्या एका गुहेत जपून ठेवलेले असतात, देवी तिथून त्यांना बाहेर काढतात आणि त्याच अॅमेझॉन होतात. एकच आत्मा मागे राहतो, इ.स.पू. 30,000 मध्ये मारलेल्या एका गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचा. ती बाई पुढे हिपॉलिटा राणी होते, मातीची मुलगी घडवते आणि तो राहिलेला आत्मा त्या मातीत उतरतो, ती डायना. म्हणजे इतर वीर पाताळात जाऊन येतात, ही तिथूनच आलेली आहे. हा बदल मला खूप मोलाचा वाटतो कारण ज्या जगात बायका नेहमी ओढून नेल्या जातात तिथून बायकांचा अख्खा समाज वर येतो ही कल्पना जुन्या पुराणात कुठेच नाही आणि तरी ती त्याच्याच मातीतली वाटते.

त्याच मालिकेत थोडं पुढे झ्यूसला डायना हवी असते, ती नकार देते आणि शिक्षा म्हणून तिला बेटाखालच्या बंद दारातून खाली उतरावं लागतं. तिथे तिला हेराक्लिस सापडतो, दगड झालेला, अख्खं बेट खांद्यावर तोलून धरलेला. त्याने अॅमेझॉनवर केलेल्या अत्याचाराची ती शिक्षा. पुराण माहीत असेल तर इथे अंगावर काटा येतो, कारण मूळ गोष्टीत हेराक्लिस हा पाताळ जिंकून सर्बेरसला वर आणणारा वीर, आणि अॅमेझॉन राणीचा कमरपट्टा आणणं हे त्याचं आणखी एक गाजलेलं काम. इथे तोच खाली अडकलाय आणि वर आणणारी डायना आहे. आणि हिपॉलिटा त्याला माफ करते, हे पटायला जड जातं, मला अजूनही जातं, पण पेरेझने ते सोपं करून टाकलेलं नाही.

दुसरी सफर 2012 ची, लेखक ब्रायन अॅझरेलो, मुख्य चित्रकार क्लिफ चियांग, मालिका 2011 ला सुरू झालेली, त्यातले अंक 7 ते 10. झोला नावाची साधी मुलगी झ्यूसच्या बाळाची आई होणार असते, हेडीस तिला खाली घेऊन जातो आणि डायना तिला आणायला हर्मिससोबत उतरते. हर्मिस का, तर ग्रीक पुराणात आत्म्यांना खाली पोचवणारा देव तोच आणि पर्सेफनीला परत आणायलाही तोच गेला होता, वर-खाली जायची मुभा असलेल्या मोजक्या देवांपैकी तो एक. चियांगने हेडीस काढलाय तोही बघण्यासारखा, लहानखुरा, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्या आणि मेण वितळून खाली आलंय त्याने डोळे झाकलेले.

मग इरॉसचं पिस्तूल, बाणांच्या जागी इथे पिस्तूल आहे, हेडीसच्या हाती लागतं आणि तो डायनावर गोळी झाडतो, म्हणजे ती त्याच्या प्रेमात पडावी. आणि लग्नाची तयारी सुरू होते. हीच ती जागा जिथे बरेच वाचक गोंधळतात, पण आता तुम्हाला ओळखू येईल की ही पर्सेफनीचीच गोष्ट परत चाललीय, वरून आलेल्या बाईला राणी करून ठेवून घ्यायचं, डाळिंबाच्या जागी गोळी. लग्नाआधी डायनाच्या गळ्यात तिच्याच लॅसोचा फास अडकवून विचारलं जातं की तुझं हेडीसवर प्रेम आहे का. खोटं बोलायची सोय नाही. आणि ती हो म्हणते, खरं बोलून हो म्हणते, कारण तिचं सगळ्यांवरच प्रेम आहे, त्यात हेडीसही आला. पण म्हणून ती त्याची बायको होऊन तिथे राहायला तयार नाही.

सायकीला सांगितलं होतं की दया दाखवू नकोस, वाचशील. डायना दया सोडत नाही आणि तरी अडकत नाही, कारण प्रेम करणं आणि ताब्यात जाणं या दोन गोष्टी ती वेगळ्या ठेवते, आणि हेडीसला ही वेगळेपणाची गोष्ट माहीतच नाही, त्याच्या राज्यात जो आला तो त्याचा. शेवटी निघताना ती त्याला मारत नाही, त्याच्यासमोर आरसा असताना त्याच पिस्तुलाने त्याच्यावर गोळी झाडते, म्हणजे त्याने निदान स्वतःवर तरी प्रेम करावं. मला हा सगळ्या सुपरहिरो कॉमिक्समधला एक सर्वांत शहाणा शेवट वाटतो, कारण ज्याला हरवायची सोय नाही आणि जो मरणार नाही त्याच्याशी वागायचा हा एकच मार्ग उरतो.

कुणी म्हणेल पिस्तूल, मेणबत्त्या, हे मूळ पुराणाशी खेळणं झालं. पण मूळ असं एक काही नव्हतंच. दक्षिण इटलीत हिपोनियनला एका बाईच्या थडग्यात सोन्याचा पातळ पत्रा सापडलाय, साधारण इ.स.पू. 400 चा, त्यावर पाताळात कसं वागायचं ते लिहिलंय: पांढऱ्या सायप्रसच्या झाडापाशी झरा दिसेल, त्याच्या जवळही जाऊ नकोस, पुढे स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी आहे, राखणदार विचारतील, त्यांना सांग की मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू आहे, तहानेने जीव चाललाय, पाणी द्या. होमरच्या सावल्यांच्या माळाशी याचा काही मेळ बसत नाही. तिथे सगळे सारखेच गोंधळलेले आणि इथे एका बाईच्या हातात चक्क वाटेची माहिती दिलेली, म्हणजे त्या काळीसुद्धा लोक आपापल्या गरजेप्रमाणे पाताळ नव्याने रचत होते.

आणि त्यांच्यासाठी ही जागा नकाशावर होती बरं का. अकेरॉन ही वायव्य ग्रीसमध्ये एपिरसला वाहणारी खरी नदी आहे, आज जाऊन बघता येते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की कॉरिंथचा सत्ताधीश पेरिअँडर याने मेलेल्या बायकोला काही विचारायला तिथे माणसं पाठवली, तर ती म्हणाली मला थंडी वाजतेय, माझ्यासोबत पुरलेले कपडे तुम्ही जाळलेच नाहीत, ते मला मिळाले नाहीत. तुर्कस्तानात पामुक्कलेशेजारी हिएरापोलिसला पाताळाचं दार म्हणून एक गुहा होती, स्ट्राबो या भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी तिथे चिमण्या सोडल्या आणि त्या लगेच मेल्या, बैल आत नेले की कोसळायचे, पुजारी मात्र जिवंत बाहेर यायचे. कारण आता कळलंय, जमिनीतल्या भेगेतून कार्बन डायऑक्साइड येतो, तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचून राहतो, जनावराचं तोंड त्यात बुडतं आणि उभ्या माणसाचं डोकं वर राहतं, शिवाय पुजारी श्वास रोखून धरायचे असं स्ट्राबोनेच लिहिलंय. तिथेही पुन्हा तेच, बैलाची ताकद उपयोगी नाही, कुठे किती वेळ उभं राहायचं हे माहीत असलेला वाचतो.

वाचायला सुरुवात करायची असेल तर थेट 2012 च्या अंकांवर जाऊ नका. आधी ओडिसीचा अकरावा भाग, तासाभरात होतो, मग सायकीची गोष्ट, आणि मग अंक 7 ते 10 सलग. पेरेझची मालिका त्यानंतर, पहिल्या अंकापासून, कारण हेराक्लिसचा भाग आधीचं वाचल्याशिवाय लागणार नाही.